कृषी प्रदर्शनातील स्पर्धा आणि आपले पत्र : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-३०१ (सायं. ७.४०) : नमस्कार. समोरच्या मैदानावर भरणाऱ्या कृषी प्रदर्शनाचे पत्रक आज फाटकावर पाहिले. अर्ध्या पत्रकावर रेड्याचे छायाचित्र आहे आणि ऊस स्पर्धेला तळाशी एक ओळ मिळाली आहे. गेल्या वर्षी माझ्या भावाच्या बाबतीत काय घडले ते येथे सर्वांना ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण आयोजकांना पत्र पाठवायचे ठरले होते आणि ते अद्याप गेलेले नाही. कागलकडून पहाटे टेंपोत ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली मोळी परीक्षकांनी उभी केली, नजरेने उंची पाहिली आणि शेजारच्या मोळीला फीत बांधली. वजनकाटा दोन हातांवर होता, पण त्याच्या आवरणाची सुतळीसुद्धा कोणी सोडली नाही.

सी-२०२ (७.५२) : वहिनी, आपल्या भावना समजतात. परंतु हरलेल्याला परीक्षण चुकीचेच वाटते, हेही आपण मान्य करावे. मागच्या वेळी याच विषयावर रात्री बारापर्यंत संदेश चालले होते.

ए-३०१ (७.५५) : काका, आपला मान राखून सांगते, प्रश्न हरण्याचा नाही. शेजारचा ऊस आडसाली होता, जुलैच्या लावणीचा, जवळजवळ दीड वर्ष वाढलेला. भावाचा ऊस ‘सुरू’ नावाच्या हंगामाचा, बारा महिन्यांचा. दोन्ही एकाच रांगेत उभे केल्यावर उंचीत कोण भरणार, हे सांगायला परीक्षक कशाला हवा?

डी-१०१ (७.५८) : जनावरांच्या मांडवाला सावली आणि पाणी यांची सोय पत्रात लिहावी, ही विनंती.

बी-१०४ (८.१०) : मी नोकरीची सारी वर्षे कृषी खात्यात काढली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वहिनींचे म्हणणे रास्त आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) असे चार गट केल्याशिवाय ऊस स्पर्धेला अर्थ नाही, आणि गटातही को ८६०३२ व फुले २६५ या जातींची नोंद वेगळी हवी. उंचीबरोबर कांड्यांची संख्या, जाडी आणि प्रत्येक उसाचे वजन मोजावे. सर्वांत महत्त्वाचा तो ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचे माप. हातात मावणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा एक थेंब टाकला की आकडा दिसतो. तो बुडख्याकडे आणि शेंड्याकडे असा दोनदा घ्यावा, कारण दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तरच ऊस पक्व झाला असे म्हणता येते. लांबलचक पण शेंड्याकडे पाणचट असलेल्या उसाला पहिला क्रमांक देऊन आपण नव्या शेतकऱ्याला चुकीचे शिकवतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या जिल्ह्यात तरी गोडी मोजल्यावाचून ऊस निवडला जाऊ नये.

डी-३०२ (८.१४) : सर, पत्रकावरच्या रेड्याची किंमत ऐकून आमच्या घरी सगळ्यांनी घराच्या कर्जाचा हिशेब पुन्हा मांडला! एक रेडा आणि तीन सदनिका असा भाव निघाला.

सी-२०२ (८.१६) : तीन कसल्या, पार्किंगसह चार धरा. असो, मुलांना तो रेडा पाहायचा आहे, म्हणून आकर्षण हवेच. सगळेच मोजमाप केले तर प्रदर्शनाला येणार कोण?

बी-१०४ (८.२५) : रेडा अवश्य असावा, पण त्याच्या पाटीवर किमतीऐवजी त्याच्या आईने एका वेतात किती दूध दिले आणि त्याच्या मुली किती देतात, हे लिहावे. शेतकरी रेतन करून घेतो ते त्या आकड्यांच्या भरवशावर. दूध स्पर्धेतही मुऱ्हा आणि पंढरपुरी म्हशी एकत्र नकोत. मुऱ्हा मूळची हरियाणाची, घट्ट वळलेल्या शिंगांची आणि दुधाला भारी. आपली पंढरपुरी, जिची तलवारीसारखी शिंगे खांद्याच्या मागे जातात, ती दुधाला कमी असली तरी आपल्या चाऱ्यावर आणि हवामानावर टिकते. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर थोडीथोडी धार देणारी म्हैस हीच. तिला मुऱ्हाच्या बादलीशी बादली लावून हरवणे हा तिच्यावर अन्याय आहे. शिवाय आदल्या संध्याकाळी सर्वांसमोर कास रिकामी करून मगच पुढच्या धारा मोजाव्यात, आणि लिटरबरोबर फॅट व एसएनएफही (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) लावावे.

डी-१०१ (८.२८) : कृपया पाणी आणि सावलीचे विसरू नये.

बी-५०३ (८.३१) : बैलगाडा शर्यत का ठेवत नाहीत? आता तर न्यायालयाने परवानगी दिली आहे.

बी-१०४ (८.३७) : परवानगी सशर्त आहे. २०१४ मध्ये बंदी आली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी आणि चाबूक वा काठीला मज्जाव हे सारे पाळावे लागते. वस्तीला लागून असलेल्या या मैदानावर ते शक्य नाही. त्यापेक्षा खिलार बैलांची निवड स्पर्धा आदत (दुधाचे दात असलेला), दुसा (दोन दाती), चौसा (चार दाती) अशा दातांच्या गटांत भरवावी.

सी-२०२ (८.४०) : सर्व ठिकाणी गटच गट. बक्षिसे पुरणार आहेत का, याचा विचार कोणी करावा?

ए-३०१ (८.४२) : काका, भावाला बक्षिसाची रक्कम नको होती. त्याला आपला ऊस किती भरला तो आकडा हवा होता, म्हणजे पुढच्या लावणीत काय सुधारायचे ते कळले असते. गुणपत्रक मागितले तेव्हा ‘निकाल लागला आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

सचिव (८.५०) : सर्वांना विनंती आहे की एकमेकांवर रोख ठेवून लिहू नये. उद्या सकाळी दहा वाजता पत्र देतो. त्यात हंगामनिहाय गट, वजन व ब्रिक्सची जाहीर नोंद, म्हशींचे जातवार गट आणि प्रत्येक स्पर्धकाला गुणपत्रक, एवढे मुद्दे घेतले आहेत.

डी-१०१ (८.५३) : आणि पाणी? गेल्या वर्षी दुपारी तीन वाजता मी आपल्या टाकीवरून सहा बादल्या नेल्या. एक पंढरपुरी म्हैस उन्हात जीभ बाहेर काढून उभी होती, दावे लाळेने भिजले होते, आणि बादली पुढे ठेवताच तिने ती एका दमात रिकामी केली. मालक बिचारा नोंदणीच्या रांगेत अडकला होता.

सी-२०२ (८.५९) : काकू, हे आपण आधी सांगितले नव्हते. पाण्याचा मुद्दा पहिला घ्या. माझी सही गृहीत धरावी.

सचिव (९.०२) : पहिल्या क्रमांकावर घेतला आहे.

ए-३०१ (९.१०) : भावाला कळवले. वजन आणि ब्रिक्स मोजण्याचे लेखी आले तर तो मोळी घेऊन येणार आहे.