मदत हवी आहे: किंग कोल ट्रिओच्या क्लिपमधला डावखुरा गिटारवाला कोण?

सुरावट
नमस्कार मंडळी. किंग कोल ट्रिओचं मिळेल तेवढं सगळं तारीखवार लावतो आहे, रेकॉर्डी आणि पडद्यावरचं दोन्ही. एका क्लिपपाशी अडलो आहे. त्यात गिटारवाला डावखुरा आहे. ट्रिओचा गिटारवाला ऑस्कर मूर डावखुरा नव्हता, त्याच्या जागी आलेला आयर्व्हिंग ॲशबीही नव्हता. शिवाय गाणं रेकॉर्डपेक्षा चढ्या पट्टीत आहे. मग हा तिसराच कुणी वादक आणि हे वेगळं ध्वनिमुद्रण असं धरायचं का? नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा, गूगल करून झालं आहे.

मध्यलय
कोणता कोल? कोझी कोल ड्रमवाला, रिची कोल सॅक्सोफोनवाला. गाणं कोणतं? क्लिप कुठल्या चित्रपटातली? एवढं तरी लिहा की.

सुरावट
नॅट किंग कोल, आणखी कोण असणार! पियानो, गिटार, डबल बास. गाणं ‘फ्रिम फ्रॅम सॉस’. चित्रपटातलं नाही, सुटं तीन मिनिटांचं आहे.

तबकडी_७८
पट्टीचं मी सांगतो. हा वेगाचा दोष आहे. जुन्या रेकॉर्डीवर मिनिटाला ७८ फेरे असं लिहिलेलं असलं तरी प्रत्येक रेकॉर्ड नेमकी ७८ वरच कापलेली असते असं नाही, कुणी ७६, कुणी ८० वर कापायचे. वेग कमीजास्त करता येईल असा टर्नटेबल घ्या आणि कानाने जुळवा. आणि सुई तपासा. एलपीची सुई लाखेच्या रेकॉर्डीला चालत नाही, तिची खाच रुंद असते, साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते.

सुरावट
टर्नटेबल कुठून आला मध्येच? माझ्याकडे व्हिडिओ फाइल आहे. ज्या रेकॉर्डशी ताडून बघतो आहे तीही सीडीवरची आहे.

नीलांबरी
रेकॉर्ड असेल तर एक सांगून ठेवते, लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, बस. माझ्या ओळखीतल्या एकाने हौसेने साफ केली आणि खाचाच गेल्या.

हंसध्वनी
एवढा खटाटोप कशाला? मोझॅक कंपनीने १९९१ मध्ये ट्रिओच्या कॅपिटॉल कंपनीसाठीच्या रेकॉर्डिंग्जचा १८ सीडींचा संच काढला होता. जुना मिळाला तर घेऊन टाका, विषय संपला.

मध्यलय
विषय संपत नाही, हंसध्वनी. त्या संचात फक्त कॅपिटॉल. हे त्रिकूट १९३७ मध्ये लॉस एंजेलिसला जमलं आणि कॅपिटॉलकडे १९४३ मध्ये गेलं. डेक्कासाठी १९४०-४१ मध्ये वाजवलेलं त्यात नाही. त्याआधी रेडिओ स्टेशनांसाठी केलेल्या १६ इंची ट्रान्सक्रिप्शन डिस्क आहेत, त्या दुकानात विकायला नव्हत्याच, त्याही नाहीत. रेझोनन्सचा २०१९ चा ७ सीडींचा संच १९३६ ते १९४३ एवढा काळ धरतो. दोन्ही जवळ असल्याशिवाय तारीखवार लावण्याला अर्थ नाही.

हंसध्वनी
ट्रान्सक्रिप्शनवर बरीच गाणी किरकोळ आहेत. जे गाजलं ते कॅपिटॉलवर आहे.

मध्यलय
अजिबात सहमत नाही. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली होती. कॅपिटॉलचा संघटनेशी समझोता १९४३ च्या ऑक्टोबरात झाला. मधल्या वर्षभरात मूरचा हात किती फिरला ते पुढच्या रेकॉर्डींवर एकदम ऐकू येतं, कुठून आला हे कळायला आधीचं सगळं ऐकावं लागतं. कोल कॉर्ड धरतो तेव्हा मूर त्याच्या वर नाही, आत शिरतो. दोघांचे स्वर एकाच वाद्यातून आल्यासारखे वाटतात. हे ‘किरकोळ’ गाण्यांतच जास्त मोकळेपणाने आहे.

जुना_श्रोता
मला तर त्याचं नंतरचं, मोठ्या व्हायोलिनताफ्याबरोबरचं गाणंच आवडतं. तो आवाज! पियानोवर कशाला वेळ घालवायचा?

मध्यलय
काका, तो आवाज मलाही आवडतो. पण पियानोवादक आर्ट टेटमने १९४३ मध्ये गिटार आणि बास घेऊन स्वतःचं त्रिकूट बांधलं, पुढे ऑस्कर पीटरसनने तीच मांडणी उचलली. ड्रमशिवाय ताल कसा चालता ठेवायचा हे किंग कोलच्या तिघांनी दाखवलं होतं. पियानो सोडून कसं चालेल?

सुरावट
मंडळी, माझा डावखुरा राहिला बाजूला.

अडाणा
सुरावट, ती क्लिप साउंडी आहे, १९४५ ची. गिटारवर मूर, बासवर जॉनी मिलर. डावखुरा कुणी नाही, चित्र उलटं आहे.

साउंडी म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या फिल्म, पॅनोरम नावाच्या यंत्रासाठी बनायच्या. बार, हॉटेलं, बसस्थानकं अशा ठिकाणी हे कपाट उभं असायचं. दहा सेंटचं नाणं टाकायचं आणि एक गाणं बघायचं. एका रिळावर आठ गाणी, रीळ गोल फिरणारं, त्यामुळे पुढे जे असेल तेच दिसायचं, निवड नाही. प्रोजेक्टर कपाटाच्या आत, आणि चित्र आरशांवरून वळवून पडद्याच्या मागून टाकलेलं. आरशात डावं-उजवं बदलतं म्हणून १६ मिमीची प्रत मुळातच उलटी छापायचे. अशी प्रत कुणी सरळ कॉपी केली की सगळे डावखुरे होतात.

तपासायला सोपं आहे. गिटार सोडा, कोट बघा. पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर असतो. ग्रँड पियानो असेल तर झाकण वादकाच्या उजवीकडे उघडतं. आणि बासवाल्याने मान डाव्या हातात धरली आहे का ते बघा.

सुरावट
खिसा उजव्या छातीवर आहे!! तिघांचाही. मिलरची बासही उलट्या हातात आहे. मी फक्त गिटारवाल्याकडेच बघत होतो. पण मग पट्टीचं काय? तो तर आरशाने चढत नाही.

अडाणा
फाइल कुठून आली?

सुरावट
एका डीव्हीडीवरून. युरोपात निघालेली आहे.

अडाणा
मग तेच कारण. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, युरोपातला पाल पद्धतीचा टीव्ही २५ ने. बदलताना चौकटी तशाच ठेवून वेग वाढवतात. चार टक्क्यांहून थोडा जास्त वेग, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर वर. एडिटरमध्ये वेग ९६ टक्के करा, स्वर कायम ठेवण्याची खूण काढून टाका, नाहीतर लय उतरेल आणि पट्टी तिथेच राहील. आधी चित्र आडवं फिरवून घ्या.

तबकडी_७८
म्हणजे वेगाचाच दोष. मी पहिल्यापासून तेच म्हणतो आहे.

अडाणा
वेगाचाच, पण टर्नटेबलच्या नाही. ७६ आणि ७८ मधला फरक अडीच टक्के, तो कानाने जुळवावा लागतो. हा ठरीव आहे.

सुरावट, अजून एक. साउंडीत आवाज आधी रेकॉर्ड करायचे आणि कॅमेऱ्यासमोर नुसता अभिनय. त्यामुळे पडद्यावर दिसतो तोच वादक ऐकू येतो असं गृहीत धरू नका. कॅपिटॉलची रेकॉर्ड आणि ही क्लिप एकाच पट्टीत आणून गिटारचा सोलो स्वरागणिक ताडा. जुळला तर ध्वनिमुद्रण एकच, वेगळा असेल तर दोन स्वतंत्र नोंदी करा.

नीलांबरी
आणि पडद्यावर बोंगो वाजवणारा चौथा माणूस दिसला तर ते १९४९ किंवा त्यानंतरचं. जॅक कोस्टान्झो तेव्हा आला. १९५० च्या सुमाराला टीव्हीसाठी बनलेल्या स्नेडर टेलिस्क्रिप्शन्समध्ये गिटारवर ॲशबी आणि बासवर जो कम्फर्ट. साउंडीबरोबर त्यांची सरमिसळ फार होते.

मध्यलय
नीलांबरीताई, हे कामाचं. तारखांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरची डेव्हिड मीकरची ‘जॅझ ऑन द स्क्रीन’ सूची बघा, फुकट आहे. सुरावट, पूर्ण लांबीच्या चित्रपटांत शोधत असाल तर प्रत किती मिनिटांची आहे ते आधी विचारा. रिपब्लिक स्टुडिओचे अनेक चित्रपट टीव्हीला देताना ५४ मिनिटांवर आणले होते. शिवाय कृष्णवर्णीय कलाकारांचं गाणं कथेपासून सुटं ठेवायचे, दक्षिणेतल्या राज्यांत दाखवताना कापून टाकता यावं म्हणून. नावं श्रेयनामावलीत असतात आणि माणसं चित्रपटात नसतात.

सुरावट
९६ टक्के केलं, चित्र फिरवलं. पट्टी सीडीशी जुळली आणि मूर उजव्या हाताने वाजवतो आहे. १९४५ खाली लावली. सोलो आज रात्री हेडफोन लावून ताडतो.

मध्यलय, १९४३ चा रिपब्लिकचा ‘हिअर कम्स एल्मर’ माझ्याकडे ५४ मिनिटांचाच आहे, आणि त्यात ट्रिओ दिसतच नाही. लांब प्रत कुणाकडे असेल तर व्यक्तिगत निरोप करा, ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ त्यातच आहे.