जिमी ईट वर्ल्ड: 'ब्लीड अमेरिकन'मध्ये संगीत आटोपशीर झाले, उथळ नव्हे

धुरा_आर्वी (धागाकर्ता)

जिमी ईट वर्ल्ड या अमेरिकी बँडचा विषय निघाला, की इमो रॉक (मनातल्या दुःखाविषयी गाणारा रॉकचा प्रकार) ऐकणारी बहुतेक मंडळी एक ठरलेला निकाल सुनावतात. १९९९ चा 'क्लॅरिटी' हा मनापासून केलेला अल्बम, २००१ चा 'ब्लीड अमेरिकन' बाजारासाठी केलेला, आणि त्यापुढचे सारे उताराला लागलेले. हा निकाल मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सविस्तर मांडण्यासाठीच हा धागा काढला आहे.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. ॲरिझोना राज्यातील मेसा या गावात १९९३ मध्ये हा बँड सुरू झाला. तो प्रदेश कोरडा, रखरखीत उन्हाचा आणि ओलिताच्या कापसाचा आहे. पिमा कापसाला ज्यांचे नाव मिळाले ते पिमा लोक तिथलेच. इमो या प्रकाराचे मूळ १९८० च्या दशकाच्या मध्यात वॉशिंग्टन शहरातील हार्डकोर पंकमध्ये आहे. त्याच वेगवान, कर्कश संगीतातून काही बँड राग बाजूला ठेवून स्वतःच्या दुःखाविषयी गाऊ लागले. जिमी ईट वर्ल्डचा १९९४ चा पहिला अल्बम छोट्या कंपनीचा होता, बव्हंशी सरळ पंक होता आणि त्यात मुख्य आवाज टॉम लिंटनचा होता. १९९६ च्या 'स्टॅटिक प्रिव्हेल्स'पर्यंत कॅपिटल ही मोठी कंपनी आली आणि जिम ॲडकिन्सचा आवाज पुढे येऊ लागला. 'क्लॅरिटी'त तो जवळजवळ एकटाच मुख्य गायक आहे.

'क्लॅरिटी'चे मोठेपण मी कुठेही कमी लेखत नाही. निर्माता मार्क ट्रॉम्बिनो याच्यासोबत या चौघांनी घंटा, तंतुवाद्ये, ढोलाचे पुनरावृत्त तुकडे आणि यंत्रावरचे ताल गिटारच्या शेजारी आणून बसवले. 'टेबल फॉर ग्लासेस'सारखे संथ गाणे अल्बमच्या अगदी आरंभी ठेवण्याचे धाडस त्या काळी या गोटातील फार थोड्या बँडनी केले असते. शेवटचे 'गुडबाय स्काय हार्बर' तर १६ मिनिटांहून मोठे आहे: गाणे म्हणावे असा भाग पहिल्या काही मिनिटांत संपतो आणि पुढे गिटारचा पुन्हा पुन्हा वाजणारा एकच तुकडा व शब्दांवाचूनचे आवाज एकमेकांवर थरांनी चढत जातात.

हा अल्बम विकला गेला नाही आणि कॅपिटलशी असलेला संबंध तुटला. पुढचा अल्बम, म्हणजे 'ब्लीड अमेरिकन', बँडने स्वतःच्या पैशाने, मधल्या काळात नोकऱ्या करून ध्वनिमुद्रित केला. ट्रॉम्बिनोने आपला मोबदला नंतर घेण्याचे मान्य केले. तयार झालेला अल्बम ड्रीमवर्क्स या कंपनीने घेतला आणि २००२ मध्ये त्यातले 'द मिडल' हे गाणे बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोचले. ज्या काळात कोणतीही कंपनी पाठीशी नव्हती, त्या काळात कंपनीला खूश करण्यासाठी अल्बम केला असे म्हणणे मला तर्काला धरून वाटत नाही.

संगीताच्या अंगानेही पाहा. 'गुडबाय स्काय हार्बर'च्या उत्तरार्धात शब्द नसलेला आवाज वाद्यासारखा वापरला आहे, आणि 'स्वीटनेस' या गाण्यात पहिल्या दोन-तीन शब्दांनंतर लगेच शब्द नसलेला पुकारा येतो. युक्ती तीच आहे. आधी तिला दहा मिनिटांहून अधिक वेळ दिला होता, आता ती काही क्षणांत आपले काम करून जाते. 'द मिडल' पावणेतीन मिनिटांत संपते, पण कडव्यातील दाबून वाजवलेली गिटार, धृपदात मोकळी सोडलेली गिटार आणि मधला छोटा एकल तुकडा यांपैकी एकही गोष्ट काढली तर गाणे कोसळते. इतके घट्ट बांधकाम मला 'क्लॅरिटी'त क्वचितच सापडते.

वणीची_वाट

मांडणी नेटकी आहे, परंतु तिच्या दोन्ही आधारांशी मी असहमत आहे.

पहिला आधार पैशाचा. कंपनी नसलेल्या बँडवर बाजाराचे दडपण नसते, हे तुम्ही गृहीत धरले आहे. माझा अनुभव उलट सांगतो. ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्यालाच माल लवकर खपवण्याची निकड जास्त असते. कॅपिटलच्या पैशावर 'क्लॅरिटी' करताना या चौघांना १६ मिनिटांच्या गाण्याची चैन परवडली. स्वतःच्या खिशातून स्टुडिओचे भाडे भरताना ती परवडली नाही. यात त्यांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. मात्र त्या टंचाईचा संगीतावर परिणामच झाला नाही, असे तरी म्हणू नका.

दुसरा आधार अधिक महत्त्वाचा आहे. 'स्काय हार्बर'मधील शब्दहीन आवाज आणि 'स्वीटनेस'मधील पुकारा या एकाच युक्तीच्या लांब आणि आखूड आवृत्त्या आहेत, हे मला पटत नाही. पहिल्यात आवाजांचे थर हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात, कोणता आधी आला आणि कोणता नंतर हे कळेनासे होते, आणि शेवटी यंत्राचा ताल येऊन सगळ्याचा अर्थच बदलतो. ऐकणाऱ्याला तिथे एकटे सोडलेले असते. दुसऱ्यात तोच ऐकणारा गर्दीत उभा असतो आणि त्याने पुढची ओळ ओरडावी अशी अपेक्षा असते. हा फरक लांबीचा नसून ऐकणाऱ्याकडून काय मागितले जाते याचा आहे. हरभऱ्याचे ओलित करताना वीज रात्रीचीच मिळते, तेव्हा वावरात 'गुडबाय स्काय हार्बर' अनेकदा पूर्ण ऐकले आहे. त्या गाण्याला वेळ द्यावा लागतो, आणि दिलेल्या वेळाचा मोबदला ते शेवटच्या पाच मिनिटांत देते. 'ब्लीड अमेरिकन'मधले कोणतेही गाणे माझ्याकडून एवढे मागत नाही.

मोझरी_मार्ग

दोघांचेही वाचले. वणीच्या बंधूंनी गर्दीत उभ्या असलेल्या श्रोत्याविषयी जे लिहिले, त्यात गर्दी हा जणू उणेपणा असल्याचा सूर आहे आणि तो मला खटकला. आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर गायली जातात. चाल अशी, की दुसऱ्या खेपेला सारा गाव ती उचलतो. त्या भजनांचा आशय गावाने उचलल्यामुळे हलका होत नाही. उलट तो उचलता यावा म्हणूनच चाल तशी बांधलेली असते. 'हिअर यू मी' हे गाणे ऐकताना मला हेच जाणवते. बँडच्या ओळखीच्या दोन बहिणी अपघातात गेल्या, त्यांच्या स्मरणार्थ ते लिहिलेले आहे. गिटार साधी, चाल कोणालाही गाता येईल अशी, आणि सोबतीला गायिका रेचेल हेडनचा आवाज. शोकाचे गाणे एकट्यानेच ऐकायचे असते, असा काही दंडक नाही.

आणखी एक गोष्ट या चर्चेत आली पाहिजे. आमच्यापैकी किती जणांनी हे अल्बम क्रमाने ऐकले? तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून घेतले की त्यात 'द मिडल' असे, फार तर 'स्वीटनेस' असे. 'क्लॅरिटी' कधीच नसे. तो कित्येक वर्षांनी, डेटा स्वस्त झाल्यावर हाती आला. जे उशिरा आणि शोधून मिळते त्याचे मोल आपण वाढवून लावतो. 'क्लॅरिटी' मलाही प्रिय आहे, पण त्या प्रेमात शोधण्याच्या कष्टांचा वाटा किती आणि संगीताचा किती, हे तपासून पाहावे असे वाटते.

वणीची_वाट

खंजिरी भजनाविषयी मला पूर्ण आदर आहे आणि गर्दीला मी उणे लेखत नाही. मात्र भजन गावासाठीच जन्मलेले असते. इमो जन्मला तो चारचौघांत बोलता न येणारे बोलण्यासाठी. म्हणून त्याच्या बाबतीत गर्दीकडे वळणे हा मोठा बदल आहे, आणि तो बदल झाला एवढेच मी म्हणतो. क्रमाविषयी सांगायचे तर मी 'क्लॅरिटी' आधी ऐकला, नागपूरला शिकत असताना, एका वर्गमित्राच्या सीडीवरून.

धुरा_आर्वी (धागाकर्ता)

टंचाईचा संगीतावर परिणाम होतो हा वणीकरांचा मुद्दा योग्य आहे, आणि तो माझ्या बाजूने जातो असे मला वाटते. वेळ आणि पैसा मोजका असताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते. त्यांनी काय ठेवले ते बघा. 'कॉशनर्स'मध्ये यंत्रासारखा एकसुरी ताल आणि तीच ती गिटार आहे. 'माय सनडाउन' पावणेसहा मिनिटांचे, अतिशय संथ आणि अल्बमच्या शेवटी आहे. 'क्लॅरिटी'ची एकांतातली बाजू पुसली गेलेली नाही. रेडिओवर चार गाणी गाजली म्हणून उरलेली गाणी नव्हतीच असे आपण वागतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अल्बमचे नावसुद्धा बदलून नुसते बँडचे नाव ठेवावे लागले होते, मूळ नाव २००८ च्या आवृत्तीत परत आले. इतक्या गदारोळात मागची गाणी कोणी शांतपणे ऐकली नसतील तर नवल नाही.

वरुडची_संत्री

मला वाटते आपण सर्वजण चुकीच्या वळणावर भांडत आहोत, कारण दोन्ही पक्ष ॲडकिन्सच्याच गाण्यांवर बोलत आहेत. १९९५ मध्ये रिक बर्च बासवर आल्यापासून या बँडमधले चौघे बदललेले नाहीत: ॲडकिन्स, लिंटन, बर्च आणि ढोलावर झॅक लिंड. माणसे तीच असताना आवाज बदलतो तेव्हा आतली वाटणी बदललेली असते. 'स्टॅटिक प्रिव्हेल्स'मध्ये दोन गायकांची रस्सीखेच स्पष्ट ऐकू येते. एकाचा खरखरीत, ओरडणारा आवाज आणि दुसऱ्याचा स्वच्छ, वर चढणारा. 'क्लॅरिटी'त लिंटन फक्त 'ब्लिस्टर'पुरता उरतो. त्यानंतर मुख्य गायक म्हणून तो थेट २०१० च्या 'इन्व्हेंटेड'मध्ये, एका गाण्यात भेटतो. मला जो तोटा जाणवतो तो इथला आहे. दोन स्वभावांच्या घर्षणातून जी अस्वस्थता येत होती ती १९९९ लाच संपत आली होती, आणि 'क्लॅरिटी'च्या सुंदर वाद्यमेळामुळे ते आपल्या लक्षात आले नाही. 'स्टॅटिक प्रिव्हेल्स' ओबडधोबड आहे, काही ठिकाणी फसलेलाही आहे, तरी या चर्चेत त्याचे नाव एका वाक्यात उरकले जावे हे मला अन्यायाचे वाटते.

मोझरी_मार्ग

लिंटनविषयीचे निरीक्षण फार मोलाचे आहे. यावर एकच प्रश्न: एकच आवाज उरल्यामुळेच २००४ चा 'फ्युचर्स' शक्य झाला नाही का? ट्रॉम्बिनोबरोबर सुरू झालेले ते काम अर्धवट राहिले आणि गिल नॉर्टन या निर्मात्याने ते पूर्ण केले. 'ब्लीड अमेरिकन'मधला झगझगीत उजेड तिथे नाही. गिटारी जाड आणि काळोख्या आहेत, शीर्षकगीतात अमेरिकेच्या त्या निवडणुकीच्या वर्षाची बेचैनी आहे, आणि शेवटचे '२३' सात मिनिटांच्या वर जाते. त्यात लांबीसाठी कोणताही प्रयोग केलेला नाही. गिटार सुरुवातीला बराच वेळ एकटी चालते, आवाज उशिरा येतो आणि मग शेवटपर्यंत एकाच माणसाची एकच तक्रार वाढत जाते. दोन गायकांमध्ये ती विभागली असती तर हे साधले नसते. वणीकरांना 'स्काय हार्बर'मध्ये जो एकांत भेटतो तो आणि धागाकर्त्याला 'द मिडल'मध्ये जे बांधकाम भेटते ते, दोन्ही मला '२३' मध्ये एकत्र ऐकू येतात.

वणीची_वाट

'२३' विषयी मी वाद घालणार नाही. ते या बँडचे सर्वांत चांगले गाणे असू शकते. पण 'फ्युचर्स' चांगला आहे यावरून 'ब्लीड अमेरिकन' चांगला ठरत नाही. मी तर म्हणेन, 'फ्युचर्स' हा त्याच्यापासून मागे फिरण्याचा प्रयत्न होता आणि तो टिकला नाही. २००७ चा 'चेस धिस लाइट' पुन्हा उजळ, आटोपशीर गाण्यांकडे गेला आणि २०१३ च्या 'डॅमेज'पर्यंत ही सवय सुटली नाही. धागाकर्त्याने ज्याला घट्ट बांधकाम म्हटले तेच पुढे साचा झाले. त्याची बीजे 'द मिडल'मध्येच आहेत असे माझे ठाम मत आहे.

धुरा_आर्वी (धागाकर्ता)

साचा झाला हे 'चेस धिस लाइट'च्या बाबतीत मलाही मान्य करता येईल, त्याचा दोष मात्र सहा वर्षे आधीच्या गाण्यावर टाकता येणार नाही. चांगल्या घडणीची पुढे नक्कल होते, स्वतःकडूनही होते. आणि ती सवय सुटलीच नाही असेही नाही. २०१६ चा 'इंटिग्रिटी ब्लूज' जस्टिन मेल्डल-जॉनसन या नव्या निर्मात्याबरोबर झाला आणि त्याच्या शेवटचे 'पोल रॉजर' पुन्हा सात मिनिटांच्या जवळ जाते. २०१९ च्या 'सर्व्हायव्हिंग'मध्ये '५५५' हे सिंथवर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर) चालणारे, गिटारला मागे ठेवणारे गाणे आहे आणि दुसऱ्या एका गाण्यात सॅक्सोफोन आहे. विशीतली अस्वस्थता चाळिशीत त्याच शब्दांत गाणे खोटे वाटले असते. ॲडकिन्स ते करत नाही, म्हणून मी अजून त्याचे नवे गाणे आले की ऐकतो.

वरुडकरांनी 'स्टॅटिक प्रिव्हेल्स'वर सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. कोणत्या गाण्यात ही रस्सीखेच सर्वांत जास्त जाणवते, तिथून सुरुवात केली तर बरे होईल.

वरुडची_संत्री

संत्र्याचा आंबिया बहार तोडून झाला की लिहिते. तोपर्यंत सर्वांनी तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, गाणी न वगळता ऐकावा. आणि वणीकरांना आताच सांगून ठेवते: गर्दीकडे वळण्याचा जो आरोप ते २००१ वर ठेवतात, तो १९९६ च्या काही धृपदांवरही ठेवावा लागेल, याची त्यांनी तयारी ठेवावी.