गोधडीचे ९ इंची ब्लॉक: त्रिकोणासाठी चौकोन किती कापायचा?

सातपूर_टाके:
५४ × ७२ इंचाची गोधडी करायची आहे. तयार ब्लॉक ९ इंच, म्हणजे ६ × ८ असे ४८. एका ब्लॉकमध्ये ३ इंची ९ घरं: मधलं गडद, चार कोपरे फिके, उरलेली चार निम्मी फिकी, निम्मी गडद, तिरकी जोडलेली. पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड) धरून सगळे चौकोन साडेतीनचे कापले. साधी घरं बसतात, पण तिरकं घर शिवल्यावर ३ इंच १ सूतच (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भरतं. किती वाढवायचं? आणि कापड किती घेऊ? मेन रोडवर ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सुती बघितलंय.

पंचवटी_शिलाई:
तयार मापात ७ सूत मिळवा, म्हणजे ३ इंच ७ सूत. त्रिकोणाच्या काटकोनाकडे पाव इंचच जातो, पण टोकाकडे बाजूची आणि कर्णाची माया मिळून ०.६० इंच जातो. बेरीज ०.८५, सुतात वर धरली की ७ सूत.

त्रिकोण सुटे कापू नका, उरेब (तिरकी कापलेली) कड हातात ताणली जाते. एक फिका, एक गडद चौकोन सुलट बाजू आत घेऊन ठेवा, पेन्सिलीने कर्ण आखा, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवा, मग रेषेवर कापा. दोन घरं तयार. मी तर थेट ४ इंची चौकोन सुचवेन. शिवून, इस्त्री करून साडेतीनला छाटा. छाटताना पट्टीची ४५ अंशांची रेघ शिवणीवरच हवी.

कापड: काठ सोडून ४२ इंच धरा. ४ इंची चौकोन दोन्ही रंगांत ९६, म्हणजे १०-१० पट्ट्या. साडेतीनचे, पट्टीत ११ धरून, फिके १९२ (१८ पट्ट्या), गडद ४८ (५ पट्ट्या). आटणं धरून फिकं ३ मीटर, गडद पावणेदोन. कापण्याआधी धुऊन घ्याच.

निफाड_गोधडी:
कापणी बरोबर असूनही ब्लॉक ९ ला येत नाही, कारण घडीची जाडी माप खाते. पाव इंचापेक्षा दोराभर आत शिवा. तपासणी सोपी: दीड इंची तीन पट्ट्या जोडा, मधली बरोबर १ इंच दिसली पाहिजे. मशीनच्या पायाच्या कडेवर भरवसा नको. सुईपासून मोजून चिकटपट्टी लावा. इस्त्री दाबायची, घासायची नाही.

जुन्या साड्या वापरणार असाल तर धागे सुटतात, माया ३ सूत ठेवा. मग सगळे आकडे बदलतात: चौकोनाला मायेच्या दुप्पट, तिरक्याला ३.४१ पट. तुमच्या घराला साधा चौकोन पावणेचार, तिरक्यासाठी साडेचार कापून पावणेचारला छाटा. धावदोऱ्याने गोधडी आवळते, म्हणून ५४ × ७२ नेमकं हवं असेल तर कडेची पट्टी रुंद ठेवा.

सातपूर_टाके:
आभार! हेच ब्लॉक तिरपे मांडले तर कडेचे त्रिकोण कसे काढायचे? माया पाव इंचच ठेवणार.

पंचवटी_शिलाई:
कडेसाठी ९ × १.४१४ अधिक सव्वा, म्हणजे १४ इंची चौकोन; दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण. चार कोपऱ्यांसाठी ९ ÷ १.४१४ अधिक ७ सूत, म्हणजे सव्वासात. एकाच कर्णावर कापून दोन. असे दोन चौकोन लागतील. उलटं केलंत तर उरेब कड गोधडीच्या बाहेरच्या बाजूला येते आणि कडा लाटा मारतात.