आईच्या गळ्याची लोंबणारी कातडी उचलायची सर्जरी करायची आहे, पण खर्रा (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण) आडवा येतोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही मूल तालुक्यातले (जि. चंद्रपूर). आई ५८ वर्षांची. सारा जन्म उन्हात रोवणी-कापणीत गेला. आता जबड्याखालची कातडी लोंबते, मानेवर दोन दोऱ्या ताणल्यासारख्या उभ्या दिसतात. भावाच्या लग्नात तिने एकही फोटो काढू दिला नाही. "नोको काढू बाप्पा, गळा पाय कसा दिसते," म्हणत पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली. गावात लोक "या वयात कायले?" म्हणतात. म्हणोत. तिने स्वतःसाठी पहिल्यांदा काहीतरी मागितलं आहे आणि ते मला द्यायचं आहे.

नागपूरला प्लास्टिक सर्जनना दाखवलं. कानासमोरून पाळीखाली आणि मागे केसांत चीर देऊन आतला थर वर ओढून शिवतात, हनुवटीखालून मानेच्या स्नायूचे पट्टे जोडतात, असं त्यांनी समजावलं. आईला बीपी आहे. त्यामुळे पहिल्या २४ तासांत कातडीखाली रक्त साचण्याची भीती जास्त, आधी बीपी ताब्यात हवं.

खरी अडचण खर्र्याची. दिवसाला तीन-चार पुड्या. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, उचललेल्या कातडीला रक्त पुरत नाही आणि कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. म्हणून निदान चार आठवडे आधीपासून बंद, नंतरही बंद. शिवाय भूलतज्ज्ञांनी तोंड उघडायला लावलं तर जेमतेम दोन बोटं गेली. भुलीची नळी घालणं कठीण जाईल म्हणाले. गालाच्या आतही पांढरट, कडक झालंय. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. चेहऱ्याचं राहू द्या, आधी तोंडाचीच तपासणी करून घ्यावी असं मला वाटतं. दंतरोगतज्ज्ञांकडे न्यावं की कान-नाक-घसावाल्यांकडे?

चंद्रपूरच्या एका क्लिनिकमध्ये "दोरे टाकून तासाभरात उचलून देतो" म्हणाले. इतकी सैल कातडी दोऱ्याने किती दिवस टिकणार? मला पटलं नाही. कोणी केलं असेल तर खरं सांगा.

धान कापणी झाल्यावर, थंडीत करायचा विचार आहे. टाके काढेपर्यंत नागपुरातच राहावं का? घरून साडेतीन-चार तास लागतात, रात्री सूज वाढली तर काय करायचं?

आणि कोणी आपल्या आईचा, सासूचा खर्रा सोडवला असेल तर कसा, ते नक्की लिहा. मी पुडी लपवली की ती शेजारच्या काकूंकडून मागून खाते.