फ्लॅटमध्ये आगोट भरावी ती कशी?

प्रश्न – लालबागकर
माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. मे महिना निम्मा सरला की आजी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या साठवणीची, यादी सांगू लागे: वर्षाचा मसाला, सुके बोंबील, जवळा, जमल्यास थोडे सोडे, कोकमे आणि मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्या. आता मी कांदिवलीत चौदाव्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षी बोंबलांना ऊन दाखवावे म्हणून ते गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरले, तर संध्याकाळच्या आत दुर्गंधीबद्दल सोसायटीचे पत्र दारात हजर झाले. वासाचा बोभाटा न होता सुकी मासळी पावसाळाभर टिकवायची कशी आणि मसाला अजून कोणी कुटून आणते का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद – वेसावकरीण
चूक उन्हाची नसून खरेदीची असावी. आमच्याकडे दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूंच्या मांडणीवर, टांगतात आणि ते कडकडीत वाळले की पुन्हा ऊन देण्याची गरज राहत नाही. घेताना एक मोडून पाहावा; तो वाकला तर ओल आहे आणि पिवळा पडला असेल तर जुना आहे, मग विक्रेती माझी बहीण असली तरी घेऊ नये. यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर १ जूनपासून बंदी लागते आणि त्याच्या तोंडावर भाव चढतात, म्हणून एप्रिलमध्येच खरेदी उरकावी. डोकी, शेपट्या आणि पर कात्रीने कापून तुकडे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावेत व बरणी फ्रीजमध्ये ठेवावी. जवळा मात्र आधी चाळणीने चाळून रेती काढावी आणि मंद आचेवर कोरडाच भाजावा. भाजताना वास येणारच, त्याला इलाज नाही.

प्रतिसाद – परळचा
मसाला अजूनही कुटून मिळतो. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतून रंगासाठी बेडगी आणि तिखटासाठी संकेश्वरी मिरची घ्यावी, देठ घरी बसून काढावेत, आणि धणे, दगडफूल, नागकेशर, बाद्यान हे सारे भाजून घेऊन डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, स्वतः उभे राहावे. शिंका येतात, डोळे चुरचुरतात, पण आपल्याच मिरचीचा मसाला आपल्या डब्यात पडतो. बरणीत तळाला आणि वर हिंगाचा खडा ठेवायला विसरू नये.

थोडे विषयांतर होईल, पण सांगतो. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि मे उजाडेपर्यंत घरात आगोटीला पैसाच उरला नव्हता. त्या वर्षी मामाने गावाहून एस.टी.ने तांदळाचे पोते, कोकमे आणि सुकटीची एक पिशवी पाठवली. आई ती सुकट मोजून, एका वेळी एकच मूठ काढीत असे. कांदा भरपूर, सुकट नावाला. आम्हा भावंडांना मात्र ती कांद्याचीच भाजी वाटायची.

लालबागकर
दोघांचेही आभार. बोंबील यंदा मोडून पाहूनच घेईन. जवळा भाजण्यासाठी मात्र मावशीच्या खोलीवर जावे असे ठरवले आहे. ती अजून आमच्या जुन्या चाळीतच राहते आणि तिथे वास सुटला की पत्र येत नाही, शेजारीण वाटी घेऊन येते.