वन्यजीवांच्या व्यापारावर बंदी: प्राणी वाचतात की नुसता भाव वाढतो?

गिरगावकर
जून २०२५ मध्ये थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात मुंबई विमानतळावर कस्टम्सला विषारी साप सापडले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात आपण १९७६ पासून, आणि तरी ही तऱ्हा. ठाणे-नवी मुंबईत तर 'मांडूळ विकायला आलेले अटकेत' ही बातमी अधूनमधून असतेच. या दुतोंड्या सापाने गुप्तधन मिळतं म्हणे! माझं मत सरळ आहे: बंदी आली की भाव चढतो, भाव चढला की चोर येतात. त्यापेक्षा रीतसर पैदास करून विकू द्या. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातली मगर तशीच वाचली. मगरपालनवाले रानातली अंडी घेतात, त्याचे पैसे जमीनमालकाला मिळतात, म्हणून त्याला ती आपल्या हद्दीत हवी असते.

माया_दहिसर
मगरीची गोष्ट मधूनच सुरू केलीत. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतात १९७१ मध्ये तिची शिकार बंद झाली तेव्हा साधारण ३,००० उरल्या होत्या, आज लाखाच्या घरात आहेत. अंड्यांचा धंदा १९८० च्या दशकातला. म्हणजे आधी बंदी, मग धंदा. आणि मांडुळाचा भाव भोंदूंनी चढवलाय. बंदी धामणीवरही आहे, तिला कोण लाख रुपये देतं?
युरोपचंही बघा. २००५ मध्ये त्यांनी रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात थांबवली आणि जगभरातला हा व्यापार सुमारे ९० टक्क्यांनी घसरला.

गिरगावकर
युरोपचं कौतुक पुरे. आपल्याकडे १९९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापार बंद आहे, मग चाळीचाळीत पिंजऱ्यात मिठू कुठून येतो? मुनियाला रंग फासून विदेशी पक्षी म्हणून गळ्यात मारतात. ओल्या बोटाने पंख चोळा, रंग बोटाला येतो.

माया_दहिसर
देशी म्हणून उघड विकता येत नाही, म्हणूनच रंग फासावा लागतो ना!

ठाण्याचा_मास्तर
रीतसर विक्रीवाल्यांसाठी हस्तिदंताचं उदाहरण. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. पुढे १९९९ मध्ये जपानला आणि २००८ मध्ये जपान-चीनला सरकारी साठे विकायची परवानगी दिली. २००८ नंतर आफ्रिकेत चोरटी शिकार भडकली. ती त्या विक्रीमुळेच का, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतायत, पण एक गोष्ट कळायला अर्थशास्त्र लागत नाही: कोरीव मूर्ती काउंटरवर आली की हत्ती कुठे मेला हे गिऱ्हाईकाला कळत नाही. शेवटी चीनने २०१७ च्या अखेरीस देशातला बाजारच बंद केला.

वेसावकर
हत्ती-मगरी झाल्या असतील तर समुद्राकडे बघा. शार्कच्या परांची निर्यात २०१५ ला बंद झाली. मुशी, म्हणजे शार्कच, आमच्याकडे खायला जाते, परांसाठी कोण जातो? ती जाळ्यात येतच राहिली. जाळं टाकताना आत काय येणार हे कोणाच्या हातात असतं?
पण एक काम बरं झालं. राज्य सरकारने २०१८ च्या शेवटी योजना आणली: कासव, व्हेल शार्क असं संरक्षित काही अडकलं तर फोटो-व्हिडिओ काढायचा, जाळं कापायचं, त्याला सोडायचं. जाळ्याची भरपाई २५,००० रुपयांपर्यंत. व्हेल शार्क तर २००१ पासून कायद्यात आहे, पण जाळं कापायचा खर्च इतकी वर्षं आमच्याच बोकांडी होता.

गिरगावकर
बघा, म्हणजे पैसाच लागला. मी वेगळं काय म्हणतोय?

माया_दहिसर
वेगळंच म्हणताय. तुम्हाला प्राणी विकल्याचे पैसे द्यायचेत, यांना सोडल्याचे मिळतात. व्हेल शार्क उद्या रीतसर विकता आला तर २५,००० साठी कोण जाळं कापेल?

वेसावकर
कोणीच नाही, ताई. पण जाळं गेलं म्हणजे त्या फेरीची मासळीपण गेली, डिझेल गेलं, खलाशाचा पगार द्यायचाच. भरपाई फक्त जाळ्याची. त्याचं बोला कोणीतरी.