डिपस्टिकवर ऑईल मिनिममच्या खाली गेलंय, बुलेटचं उरलेलं टाकलं तर चालेल का?

कराडकर_हॅचबॅक
नमस्कार मंडळी, घरची २०१४ची पेट्रोल गाडी आहे, १.२ लिटर, ९२ हजार किमी झालेत. ऑईल बदलून सात महिने झाले, तेव्हापासून ६ हजारच चाललीय त्यामुळे मी बॉनेट उघडलंच नव्हतं. परवा चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात वळणावर डॅशबोर्डवरचा ऑईलच्या कॅनचं चित्र असलेला लाल दिवा दोनदा लागला आणि लगेच गेला, मागे आई आणि मुलं होती, जीव नुसता टांगणीला. घरी येऊन डिपस्टिकची पट्टी काढली तर ऑईल खालच्या खुणेच्याही खाली. आता प्रश्न असा की भावाच्या बुलेटचं पाऊण लिटर ऑईल सीलबंद पडलंय, तेच टाकू का? गल्लीतला मेकॅनिक म्हणतो जुनी गाडी आहे, २०डब्ल्यू-४० टाका, जाड बरं असतं. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय. रविवारी परत गुहागरला जायचंय.

घाटवाट
दादा आधी एक करा, ऑईल भरेपर्यंत गाडी हलवू नका. तो दिवा ऑईल किती आहे ते सांगत नाही, प्रेशर गेलं की लागतो. इंजिनखालच्या चेंबरमध्ये ऑईल कमी असलं की वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, तेवढा वेळ क्रँकच्या बेअरिंगला ऑईलच मिळत नाही. पुढच्या वेळी लागला तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद, "पुढच्या गावात बघू" असं अजिबात नको.

पार्ट्सवाला_सांगली
बुलेटचं टाकू नका. बाईकला इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलमध्ये चालतात, क्लच घसरू नये म्हणून त्या ऑईलची घडणच वेगळी असते, डब्यावर जासो एमए लिहिलेलं असतं ते त्यासाठीच. गाडीला तसं काही लागत नाही, शिवाय ते ऑईल तुमच्या पुस्तकातल्या ग्रेडपेक्षा बरंच जाड. हां, रात्री घाटात अडकलात आणि दुसरं काहीच नाही तर कोरडं चालवण्यापेक्षा ते टाकलेलं परवडलं, पण तुम्ही घरी आहात आणि दुकान उघडं आहे.

ग्रेडचं म्हणाल तर पुस्तकाचंच ऐका. पहिला आकडा थंड इंजिनचा, दुसरा तापलेल्या इंजिनचा. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून पहिल्या आकड्याला अर्थ नाही असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही, डिसेंबरात सकाळी सहाला गाडी चालू केली की पातळ ऑईल इंजिनच्या वरच्या भागात टॅपेटपर्यंत लवकर पोचतं, आणि थंड इंजिन चालू करताना झीज जास्त होते. ९२ हजार म्हणजे काही इंजिन म्हातारं झालं नाही.

कंपनी तीच मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी त्याच ग्रेडचं आणि डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी (पेट्रोल गाडीच्या ऑईलचा दर्जा) लिहिलेलं दुसऱ्या कंपनीचं वर टाकलेलं चालतं. सुटं ऑईल मात्र कुणी कितीही स्वस्त दिलं तरी घेऊ नका, आणि रिकामा डबा भंगारात देताना फोडून द्या, त्यातच नकली भरून विकतात.

दोनमुलांचीआई
मी स्वतः भरते म्हणून सांगते. गाडी सपाट जागी हवी, सोसायटीच्या उतारावर नको. इंजिन नुकतं चाललेलं असेल तर बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसा, पूर्ण आत घाला, मग काढून बघा. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते खरं नसतं. टाकताना एकदम लिटर ओतू नका, पाव पाव लिटर टाकून पाच मिनिटांनी परत बघा. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक ऑईल घुसळतो, फेस होतो, सीलमधून गळायला लागतं. माझ्याकडून एकदा जास्त झालं होतं, चेंबरचा नट ढिला करून काढावं लागलं.

डिझेलवाला_नगर
माझी बीएस६ डिझेल आहे, हेच सगळं लागू का?

पार्ट्सवाला_सांगली
मोजायची पद्धत तीच, ऑईल वेगळं. सायलेन्सरला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असेल तर कमी राखेचं लागतं, त्यातला सी२ दर्जा की सी३ ते पुस्तकात बघा. साधं टाकलं तर फिल्टर हळूहळू चोंदतो.

घाटवाट
कराडकर, भरलंत तरी गेलं कुठे ते शोधा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, डाग पडला तर गळती, ऑईल फिल्टर किंवा चेंबरच्या नटाचा वॉशर बघा. सकाळी चालू करताना निळा धूर आला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, चढावर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. आणि पट्टीवर किंवा झाकणाखाली दुधी चिकट थर दिसला तर गुहागर रद्द करून आधी गॅरेज.

कराडकर_हॅचबॅक
सगळ्यांचे मनापासून आभार. ५डब्ल्यू-३०च आणलं, ९०० मिली लागलं, आता दोन खुणांच्या मध्ये जरा वर आहे. पुठ्ठ्यावर सकाळी रुपयाएवढे दोन डाग होते, फिल्टरच्या बरोबर खाली. हाताने बघितलं तर फिल्टर ढिला निघाला. नवीन घालून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं, पुठ्ठा कोरडा आहे. रविवारी निघायच्या आधी आणि पाटणला चहाला थांबू तेव्हा परत पट्टी बघतो, उरलेलं ऑईल डिकीत ठेवलंय.